प्रमाणरावांचा गाल

इस्पितळात रोग्यांचे तुकडे तपासणाऱ्या विभागाच्या मोठ्या सरांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पैसे नव्हेत. पैशाचा मोह असता तर प्रकरण सोपं होतं. एका लोभी माणसाला आवरायला दुसरा लोभी पुरतो. सरांना हवं होतं नाव. म्हणजे नाव होतंच, दारावरच्या पितळी पाटीवर होतं, पण ते एखाद्या वस्तूला लागलेलं हवं होतं. त्यांच्या मेहुण्याच्या नावाने एक चिमटा होता. खराखुरा चिमटा, शस्त्रक्रियेच्या ताटात असतो तसा, टोकाला किंचित वाकडा. कुठले कुठले सर्जन हात पुढे करून मेहुण्याचं नाव घेत आणि नर्स तो चिमटा त्यांच्या हातात ठेवी. सरांच्या पत्नीला भावाचं फार कौतुक, आणि ते करायची तिची वेळ जेवणाची. सरांनी मनाशी ताळेबंद मांडला होता: आपल्या नावाची एक मोजपट्टी निघाली की उरलेल्या आयुष्यातली जेवणं गुपचूप होतील. एवढ्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो.

मोजपट्टी तयार होती. तिचं काम असं.

तोंडाच्या आतलं अस्तर ज्या पेशींचं असतं, त्या एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात. धरायला त्यांना हात नाहीत, प्रथिनं आहेत; पेशीच्या कडेने बसलेली, शेजारणीच्या प्रथिनात गुंतलेली. त्यातलं मुख्य ई-कॅडहेरिन. कर्करोगात ही पकड बऱ्याचदा ढिली पडते. पकड सुटलेली पेशी घरात बसत नाही. गळ्यातल्या गाठींपर्यंत जाऊन तिथे बिऱ्हाड मांडते. म्हणून रोग्याच्या गालाचा तुकडा घ्यायचा, त्या प्रथिनाला तपकिरी रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. प्रत्येक पेशीभोवती गडद रेघ असली तर तीन गुण. रेघ तुटक, दोन. पुसट, एक. रेघच नाही, शून्य. गुण कमी आले की इस्पितळातला सर्जन गालाबरोबर त्या गाठी काढायला गळाही उघडायचा.

आता रंग म्हटला की तो कधी गडद चढतो, कधी फिका. म्हणून रोग्यांच्या तुकड्यांच्या प्रत्येक ट्रेमध्ये एका निरोगी गालाचा काप ठेवायचा. त्याला म्हणायचं प्रमाण. प्रमाणावर पुरे तीन गुण चढले तर ट्रे खरा. नाही चढले तर चूक रंगाची; अख्खा ट्रे फेकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. नियम चांगला होता. चांगल्या नियमाचं एवढंच असतं की तो पाळताना माणूस डोकं बाजूला काढून ठेवू शकतो.

आणि तो निरोगी गाल होता प्रमाणरावांचा.

प्रमाणराव वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. हयात दुकानदारांच्या तराजूंकडे संशयाने बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर अक्कलदाढ काढायला आले, तेव्हा सर्जनने दाढेजवळचा गालाचा जादा किनारा कापला आणि त्यांची सही घेऊन तो मेणाच्या ठोकळ्यात बसवला. त्या तुकड्यावर तपकिरी रंग असा काही चढला की मोठे सर खुर्चीतून उठून उभे राहिले. तेव्हापासून बरीच वर्षं गावातल्या प्रत्येक बिघडलेल्या तोंडाचा निवाडा त्या एका गालाशेजारी बसून होत आला.

हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण विभागातला तंत्रज्ञ, ज्याला सगळे रंगारी म्हणत, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. एकदा गोळ्या घ्यायला आलेल्या प्रमाणरावांना त्याने औषधांच्या खिडकीपाशी गाठलं आणि पायाच पडला.

"अहो, हे काय?"

"तुम्हाला माहीत नाही? आम्ही रोज तुमचंच तोंड बघून कामाला लागतो."

त्या दिवशी प्रमाणराव घरी गेले ते छाती काढून. त्यांच्या पत्नी, ज्यांना आख्खी गल्ली बाई म्हणे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गुण देण्यात त्या इतक्या चिक्कू की त्यांच्या हातून पास झालेली पोरं पुढे कशालाच घाबरली नाहीत.

"तीनपैकी तीन," प्रमाणरावांनी दारातच जाहीर केलं.

"कशात?"

"गालात."

"त्यात तुमचं काय कर्तृत्व? पाय पुसा आधी."

"अगं, सगळ्या इस्पितळात मी प्रमाण आहे. बाकीच्यांना माझ्यावरून मोजतात."

"मोजू देत. मी जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. दिले की पोरं माजतात."

आणि ते माजलेच. दर आठवड्याला विभागात जाऊ लागले. रंगारी ट्रे बाहेर काढायचा, प्रमाणराव सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे आणि म्हणायचे, "हं, छान आलोय." मग बाकावर वाट बघत बसलेल्या रोग्यांत जाऊन बसायचे आणि धीर द्यायचे. "घाबरू नका, आत मी आहे." रोग्यांना वाटे हा कुणी मोठा डॉक्टर असावा. घरी आमटीत मीठ जास्त झालं तर ते चव घेऊन म्हणत, "एक." पाहुण्यांच्या मुलाने कविता म्हटली तर, "दोन, फार तर." बाईंनी एकदा विचारलं, "आणि मला किती?" ते म्हणाले, "तुला मोजायला तुझ्या शेजारी बसावं लागेल." बाई म्हणाल्या, "बसलेच आहात की, लग्न झाल्यापासून. अजून उत्तर निघालं नाही?"

कुठलाही ठोकळा कापत गेलं की संपतो. गालाचाही संपत आला. रंगाऱ्याने शेवटचे काही काप एका डबीत जपून ठेवले आणि सरांना सांगितलं. वेळ वाईट होती. मोजपट्टीचा लेख समितीपुढे गेला होता. आसपासच्या सगळ्या इस्पितळांची समिती. तिने मान डोलावली की सगळीकडे ती मोजपट्टी लागू, आणि तिला सरांचं नाव. समितीने एकच शेरा मारला होता: मोजपट्टी एकाच प्रमाणावर उभी आहे, ते पुढेही मिळत राहील ना?

सरांनी प्रमाणरावांना बोलावून चहा पाजला.

"अजून एक तुकडा हवा होता. अगदी एवढासा."

"घ्या की. पण दोन अटी आहेत."

"बोला."

"विभागात मला हाताची खुर्ची हवी. बाकावर बसून प्रमाणाची किंमत राहत नाही. आणि दुसरी, तुकडा त्याच जागेवरून घ्यायचा. जागा बदलली की माप बदलतं. नोकरीत मी हे खपवून घेतलं नाही, इथेही घेणार नाही."

सरांना दुसरी अट फार आवडली. समितीला कळवण्यासारखी होती.

त्या जागेवर हल्ली थोडं खरखरीत लागत होतं. गरम चहा लागला की झोंबायचं. बाईंचं केव्हापासून पालुपद होतं, "दाखवा एकदा कुणाला तरी." प्रमाणराव म्हणत, "कुणाला दाखवू? सगळे तर मला बघून ठरवतात." तुकडा घेताना सर्जननेही तिथे बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"आधी कापलं होतं ना तुम्ही, त्याचा व्रण," प्रमाणराव तोंड वासून म्हणाले.

सर्जनला पुढची शस्त्रक्रिया होती. शिवाय समोर रोगी नव्हता, प्रमाण होतं. त्याने तुकडा काढला आणि बाटलीत टाकला. बाटलीवर रोग्याचा नंबर लिहितात. यावर लिहिलं, प्रमाण.

नव्या ठोकळ्याचा पहिला काप ट्रेमध्ये बसला. रंग चढला. विभागातल्या धाकट्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ती नोकरीत नवी होती, कायम व्हायची होती आणि कायम होणं सरांच्या सहीवर होतं. म्हणून ती जे दिसे ते हळू आवाजात सांगे.

"सर, प्रमाण एक आलंय."

"तीन."

"एक, सर."

"प्रमाण एक येत नाही. रंग बिघडला. ट्रे फेका."

ट्रे फेकला. त्यात बाकावरच्या लोकांचे तुकडे होते. त्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. नवा रंग मागवला. पुन्हा एक. रंगाऱ्याला झाडलं, त्याला हात तीनदा धुवायला लावले. पुन्हा एक. मग पाण्यावर संशय आला, मग काचा तापवायच्या भट्टीवर. भट्टी उघडली तर तिच्यात रंगाऱ्याचा डबा गरम होत होता. दोन दिवस सगळ्यांना वाटलं की चोर सापडला. डबा बाहेर आला, भट्टी घासली, आणि प्रमाण पुन्हा एक. मग सरांना वाटलं की लिफ्टचे हादरे बसत असावेत. लिफ्ट बंद केली. तोंडात गाठी घेऊन लोक जिने चढू लागले. वर पोचल्यावर त्यांना कळे की ट्रे फेकला आहे.

प्रमाणराव हाताच्या खुर्चीत बसून हे बघत होते आणि संतापत होते.

"या लोकांना साधा रंग लावता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं."

"चहा घेणार?" रंगाऱ्याने विचारलं.

"गार करून दे. हल्ली झोंबतो."

एका सकाळी मोठ्या सरांच्या डोक्यात उजेड पडला. ते धाकट्या डॉक्टरला म्हणाले, "आपणच उलटं धरलं होतं. प्रमाण म्हणजे तीन. व्याख्याच आहे ती. मग त्यावर जो रंग दिसतो, तो कसाही दिसो, त्याला तीन म्हणायचं."

"पण सर, रोग्यांचे तुकडे त्याच्यापेक्षा गडद आलेत."

"मग त्यांना चार द्या."

"हा तर फारच गडद आहे."

"पाच."

त्या दिवशी एका बसचालकाला, ज्याची जीभ सुजून तोंडात मावत नव्हती, तीनपैकी पाच गुण मिळाले. तो कागद घेऊन खिडकीपाशी गेला. "पाच म्हणजे चांगलं का वाईट?" त्याने अडखळत विचारलं. खिडकीतल्या बाईने कागद उलटसुलट करून बघितला. "तीनपैकी पाच म्हणजे चांगलंच की. आमच्या मुलाला शंभरपैकी पस्तीस पडतात." सर्जनने मात्र तो कागद बघितला आणि सरांना फोन करून असं काही सुनावलं की पाच रद्द झाले. पुन्हा सगळे ट्रे फेकण्यावर आले.

धाकट्या डॉक्टरने मग एक गोष्ट केली, जी खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायची. नव्या ठोकळ्याचा एक काप साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवला, जसा कुठल्याही रोग्याचा बुडवतात, आणि बघितला. कुणी बघितला नव्हता, कारण प्रमाणाचं निदान करायची पद्धत नव्हती. तिने एकदा बघितला, मग काच पुसून पुन्हा बघितला, आणि सरांच्या खोलीत गेली.

"सर, मी प्रमाण साध्या रंगात बघितलं."

"कशाला?"

"बघायचं राहिलं होतं."

"प्रमाण बघत नाहीत. प्रमाणावरून बघतात."

"सर, कॅन्सर आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणाला?"

"प्रमाणरावांना."

"काचेवर नंबर आहे?"

"नाही."

"केसपेपर?"

"नाही, सर."

"मग तुम्ही नंबर नसलेल्या काचेवर कुणाचाच नसलेला कॅन्सर बघितलात. वाईट झालं. पण तो नोंदवणार कुणाच्या नावावर?"

"त्यांचा केसपेपर काढू."

"काढा. मग ते रोगी झाले. रोग्याच्या ट्रेमध्ये प्रमाण लागतं. प्रमाण ते स्वतः. स्वतःच्या शेजारी स्वतःला बसवलं की दोघं सारखेच दिसणार. प्रमाणासारखा दिसला म्हणजे तीन. तीन म्हणजे पकड उत्तम. म्हणजे तुमचा कॅन्सर निघाला तर फार सभ्य निघाला." सरांनी चष्मा परत घातला. "समितीचा निर्णय महिनाअखेरीला आहे. तोवर कुणी कुणाचे केसपेपर काढू नयेत."

सर मूर्ख नव्हते. मूर्खाला एवढा लांबचा फेरा मारता येत नाही. त्यांना पहिल्याच ट्रेला शंका आली असणार. शंका आली नसती तर डबीतला जुना काप आधी लावायचा सोडून लिफ्टपर्यंत कोण जातं?

धाकटी डॉक्टर बाहेर आली. बाकावर लोक बसले होते. हाताच्या खुर्चीत प्रमाणराव बसल्या बसल्या पेंगत होते आणि त्यांची जीभ झोपेतही त्या जागेला चाचपत होती. गालावरून दिसत होतं. तिने आपल्या कायम होण्याचा विचार केला, चांगला पुरेसा केला, आणि मग त्यांच्या घरी फोन लावला.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"मी... तुमच्या मिस्टरांचा गाल बघते ती."

शिक्षिकेला सुरुवात ऐकूनच कळतं की पोरगं गृहपाठ विसरलंय की घरात काही झालंय.

"किती?"

"एक."

"तीनपैकी?"

"हो. आणि गुणांचं सोडा. साध्या तपासणीतही दिसतंय. लवकर काढायला हवं. त्यांना इथे कुणी सांगत नाहीये."

"आले," बाई म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा लिफ्ट बंदच होती. जिने चढून धापा टाकत त्या थेट सरांच्या खोलीत घुसल्या, मागोमाग प्रमाणराव, मागोमाग धाकटी डॉक्टर. रंगारी दारात उभा राहिला; त्याला आत बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही. सरांनी बाईंना तोच फेरा ऐकवला: रोगी, ट्रे, प्रमाण, स्वतःच्या शेजारी स्वतः. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे एखाद्या पोराने स्वतःचाच पेपर बघून स्वतःचा पेपर लिहिला, तर तुम्ही त्याला पास करता?"

"तसं नाही म्हणता येणार..."

"तसंच म्हणालात. कधी काढताय गाठ?"

"गाठ काढू हो. पण गळा उघडायचा की नाही ते गुणांवर ठरतं, आणि गुण द्यायला प्रमाण..."

"अगं, तू कशाला भांडतेस?" प्रमाणराव मध्येच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र निरीक्षकाचाच होता. "रंगात खोट आहे. मी तीन आहे. वजन हलकं भरलं की आधी तराजू तपासतात."

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुमच्या कचेरीत ते पितळी वजन होतं. मखमलीच्या पेटीतलं. ज्यावरून सगळ्यांची वजनं तपासायचात."

"होतं."

"ते दर वर्षी पेटीत घालून कुठे नेत होतात?"

प्रमाणराव सरांच्या टेबलावरच्या कागदांकडे बघू लागले.

"मला घेऊन गेला होतात एकदा. बोला ना."

"वरच्या कचेरीत. तपासायला."

"प्रमाण असून?"

"पितळ झिजतं," ते हळूच म्हणाले. "हाताळून हाताळून झिजतं. सांगता येत नाही."

"आणि हलकं निघालं की?"

"बाद."

"बाद म्हणजे फेकून देत होतात?"

"छे. फेकतात कसं? चांगलं पितळ असतं. टेबलावर ठेवत होतो. कागद उडू नयेत म्हणून."

"मग चला," बाई म्हणाल्या. "आपल्या घरातही कागद पुष्कळ उडतात."

प्रमाणरावांनी रुमाल काढला आणि तोंडावर धरला. मग रुमालामागूनच म्हणाले, "केसपेपर कुठे मिळतो?"

आता प्रश्न उरला निरोगी गालाचा; डबीतले जुने काप किती दिवस पुरणार? सरांनी खोलीभर नजर फिरवली आणि खोलीतले गाल आत ओढले गेले. रंगाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की तो बारा वर्षं तंबाखू चघळत होता. सर्जनला फोन केला. तो म्हणाला, मी सिगारेट ओढतो, आणि त्याने फोन ठेवून दिला. "सर, तुम्ही?" रंगाऱ्याने विचारलं. सर म्हणाले की त्यांना भूल मानवत नाही. धाकट्या डॉक्टरने हात वर केला.

"तुझा नको," बाई म्हणाल्या. "तुला इथे नोकरी करायचीय. उद्या हे तुझ्या गालावर हक्क सांगतील. माझा घ्या."

"तुमचं वय..." सर चाचरले.

"गाल वयात आलेला आहे. घ्या."

दुसऱ्या दिवशी बाईंचा तुकडा घेतला. यावेळी तो आधी साध्या रंगात बघितला. धाकट्या डॉक्टरने कुणाला विचारलं नाही. मग एकाच काचेवर तीन काप बसवले: डबीत उरलेला प्रमाणरावांचा जुना, त्यांचाच नवा, आणि बाईंचा. एकच रंग, एकच पाणी, एकच भट्टी. लिफ्ट चालू ठेवून.

जुन्या कापावर तीन. बाईंवर तीन. नव्यावर एक.

रंगाऱ्याने सूक्ष्मदर्शक प्रमाणरावांपुढे सरकवला. त्यांनी आधी बाईंचा काप बघितला. पेशीला पेशी चिकटलेली, प्रत्येकीभोवती गडद रेघ, कुठे सुटलेली नाही.

"ही तू?"

"असणार. मला काय कळतंय त्यातलं?"

"काय काटेकोर बसलीयस गं!"

मग काच सरकली. नव्या कापात रेघा कुठे कुठे होत्या, पेशी एकएकट्या खाली निघाल्या होत्या, पाणी शिरलेल्या भिंतीतल्या विटांसारख्या. त्यांनी विचारलं नाही की हा कुणाचा. तिथून डोळा काढून ते म्हणाले, "बरोबर आहे. एकच. दीड म्हणायलाही जागा नाही."

सर्जनने गाल काढला आणि गळाही उघडला. गळ्यातल्या एका गाठीत त्या निघालेल्या पेशी पोचल्या होत्या. बाकीच्या गाठी कोऱ्या होत्या. घरी सोडताना बाईंनी त्याला एकच विचारलं.

"सुरुवातीलाच केलं असतं, ट्रे फेकत बसला नसतात, तर गळ्याला हात लावावा लागला नसता?"

सर्जन खोटं बोलू शकला असता. "कदाचित," तो म्हणाला. "कदाचित तरीही लागलाच असता. तुलना करायला तो दुसरा माणूस माझ्याकडे नाही, बाई. हेच एक आहेत."

मोठे सर त्या आठवड्यात घरी झोपले नाहीत, अशी विभागात बोलवा होती. समितीला काय कळवायचं? पण कळवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ज्याला ते आपलं मरण समजत होते, तेच त्यांचं घबाड आहे. एकच माणूस, एकच गाल, तीच जागा: निरोगी असताना तीन, आजारी पडल्यावर एक. मोजपट्टी चालते याचा इतका चोख दाखला कुणाला मागूनही मिळाला नसता. त्यांनी तो चार पानांत लिहिला. समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं ते स्वतः सांगतात. मोजपट्टी लागू झाली. म्हणजे जे लपवायला त्यांनी एवढे ट्रे फेकले, ते पहिल्याच दिवशी उघड केलं असतं तर नाव थोडं आधीच मिळालं असतं. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही.

तर कुणी काय भरलं ते बघू. सरांनी काहीच नाही. त्यांना भूल मानवत नाही. रंगाऱ्याला शिव्या मिळाल्या, त्या परत घेतल्या गेल्या नाहीत. धाकटी डॉक्टर कायम झाली, पण लेखावर तिचं नाव आलं नाही; हा सौदा तिच्याशी कुणी केला नव्हता, तो आपोआप झाला. बाकावरचे बहुतेक जण पुन्हा आले आणि खरे गुण घेऊन गेले. बसचालक आला नाही. त्याला पत्र पाठवलं होतं, उत्तर नाही. त्याने दुसरं इस्पितळ गाठलं की काय, ते पुढे कुणी शोधलं नाही.

प्रमाणराव आहेत. दर काही महिन्यांनी गळा दाखवून येतात, अजून तिथे नवं काही नाही. गाल शिवल्यामुळे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. घास लहान करावा लागतो, एका बाजूने चावावा लागतो, थांबावं लागतं. पूर्वी ते पाच मिनिटांत जेवून उठत. आता ताटावर बसले की बाई समोर बसून राहतात. घाई करत नाहीत, बोलत नाहीत, कारण बोललं की ते उत्तर द्यायला जातात आणि ठसका लागतो. जेवण निवतं. बाई उठतात, गरम करून आणतात, पुन्हा बसतात. ते पुन्हा निवतं. बाईंचं ताट तोवर झाकलेलंच असतं.